पास माझा हुता

स्मरणिकेसाठी लिही म्हणून सरांचा फोन आला, तेव्हा बक्षिसांच्या आधी एक हरलेला सामना आठवला.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सात जणांचं रग्बी आलं आणि पुढच्या वर्षी खेळाच्या सरांनी आमच्या हातात तो लांबट चेंडू दिला. कोल्हापुरात चेंडू म्हणजे फुटबॉल. मैदानाच्या कडेची माणसं सारखी ओरडायची, "पुढं दे रं, पुढं!" आणि रग्बीत हातानं पास द्यायचा तो मागंच.

आमचा कॅप्टन खासबागेजवळचा, तालमीत घुमलेला. कुस्तीत पट काढायची, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडायची सवय असल्यानं टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, त्याला शिकवावं लागलं नाही. खांद्याच्या वर हात न्यायचा नाही आणि रेफ्रीशी फक्त कॅप्टननं बोलायचं, एवढंच तो नव्यानं शिकला. पण ते त्यानं इतकं मनापासून पाळलं, की आम्हा सहा जणांची तोंडं आपोआप बंद झाली.

शेजारच्या पेठेतल्या शाळेशी आपली खुन्नस जुनी. त्या दिवशी ते १२, आम्ही ७. सात-सात मिनिटांचे दोन्ही डाव सरले होते, पण चेंडू खेळात असेपर्यंत रग्बी थांबत नाही. कॅप्टननं दोघांना अंगावर घेतलं आणि पडता पडता चेंडू माझ्याकडं सोडला. मी कडेनं सुटलो, गोलरेषा ओलांडली. तिथंच चेंडू जमिनीला टेकवला असता तर ५ गुण, बरोबरी. खांबांसमोर टेकवला तर पुढची किक सोपी, तिचे २, म्हणजे जिंकलोच. मी आत वळलो. मागून कमरेला मिठी बसली, चेंडू हातातून पुढं निसटला. सामना संपला.

एकानं माझ्याकडं बोट केलं. कॅप्टन म्हणाला, "पास माझा हुता. मी उशिरा दिला, म्हणून त्यो कोपऱ्यात गेला." मग जिंकलेल्यांसाठी दोन रांगा करून टाळ्या वाजवायच्या होत्या. तिथं तो सगळ्यांच्या पुढं उभा राहिला.

संध्याकाळी गंगावेशीत त्यानं मला म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं. सामन्याचा विषय काढला नाही. ग्लास ठेवताना म्हणाला, "उद्या साडेपाचला ये."

दव पडलेल्या गवतावर मी त्याच कोपऱ्यात पन्नासेक वेळा पालथा पडलो असेन. रेषा ओलांडली की मागून आवाज यायचा, "टेकव!" आणि दर खेपेला त्याचा पास आधीपेक्षा थोडा लवकर येत होता.