एका आकड्यापायी पाच महिने: फियाट, रॅली आणि वेर्ण्याची ऑर्डर

आधी एकच सांगतो. जुनी गाडी घ्यायची असेल तर पैसे देण्याआधी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर आरसी बुकाशी एकेक आकडा जुळवून बघा. मी ते केलं नाही आणि माझे पाच महिने गेले.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. गोव्यात या धंद्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे औषध कंपन्या. वेर्ण्यातल्या एका कंपनीच्या परचेस विभागाला मी दोन वर्षं मेल पाठवत होतो. नमुने दिले, गेटवर तासन्‌तास बसलो, उत्तर नाही. एका मित्राने सांगितलं की तिथले साहेब दर वर्षी वडिलांची मॉरिस मायनर घेऊन व्हिंटेज रॅलीत उतरतात. मला जुन्या गाड्यांचं वेड लहानपणापासून. गाडी घेण्यामागे धंद्याचा विचार होता हे मी लपवत नाही, पण नुसता तेवढाच असता तर पहिल्याच हेलपाट्यात सोडून दिलं असतं.

गाडी मिळाली महाराष्ट्रात. १९५७ची फियाट ११००, जिला आपण सगळे डुक्कर फियाट म्हणतो. १०८९ सीसीचं मूळ इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढची दारं उलटी उघडणारी. इटलीतल्या मिल्ले मिलिया शर्यतीत हिच्याच इटालियन बहिणी धावल्या होत्या. ती शर्यत १९५७ला बंद पडली आणि १९७७पासून जुन्या गाड्यांची रॅली म्हणून पुन्हा सुरू झाली. माझी गाडी नेमकी त्या शेवटच्या वर्षाची, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता कागदांचं. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन न बदललेली गाडी व्हिंटेज धरतात. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते, आणि मला तो जुना नंबरच हवा होता. त्यासाठी गाडी जिथे नोंदली त्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला लागतो. तो निघतो संगणकावरून, आणि माझी गाडी संगणकात नव्हतीच. म्हणून आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवणं.

पहिल्या खेपेला अर्ज घेतला. दुसऱ्या खेपेला ‘साहेब रजेवर’. तिसऱ्या खेपेला एंट्री झाली म्हणून मी पेढे घेऊन घरी आलो. विमा एजंटने पेन्सिलचा ठसा मागितला तेव्हा कळलं: आरसी बुकात शाईने लिहिलेला आठ पुसट होऊन तीनसारखा दिसत होता, आणि त्यांनी तीनच भरला होता. गाडीवर स्पष्ट आठ.

चौथ्या खेपेला खिडकीवरच्या बाईंनी बुक उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "आम्हाला तीन दिसतो." मी ठसा पुढे केला. "मग गाडी दाखवायला आणा." विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणायची कशी, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून, ऐन पावसात, आंबोली घाटातून नेली. तपासणीचे साहेब साडेअकराला येणार होते, ते आले चार वाजता. टॉर्च मारून दोन मिनिटं पाहिलं, सही केली. त्या दोन मिनिटांसाठी वाहतुकीचा खर्च, अख्खा दिवस आणि चतुर्थीच्या तोंडावर बंद ठेवलेली एक मशीन.

तरीही दुरुस्ती अडली, कारण ‘मूळ रजिस्टर बघावं लागेल’ आणि रजिस्टर सापडत नव्हतं. सहा आठवडे मी फोन करत होतो. रॅलीच्या प्रवेशिकेला आरसी आणि विम्याची प्रत जोडायची होती, आणि तारीख जवळ येत होती. रात्री झोप लागेना. शेवटी रेकॉर्ड रूममधल्या एका वयस्क शिपायांनी, मी न सांगता, माळ्यावरचं रजिस्टर खाली काढलं. पानावर ठळक आठ. त्यांना नमस्कार केला तेव्हा माझे डोळे भरून आले. त्या आधी एकाही माणसाला जिना चढावासा वाटला नाही, याचा राग अजून जात नाही.

एनओसी नंतर आठवड्यात आली. गोव्यातलं सगळं सुरळीत झालं.

रॅली वेगाची नसते, हे नवख्यांनी लक्षात घ्या. बारा किलोमीटर ताशी तीसच्या सरासरीने म्हणजे बरोबर चोवीस मिनिटं. लवकर पोचलात तरी दंड, उशीर झाला तरी दंड. माझ्या गाडीचा मीटर मैलांचा, म्हणून शेजारी बसून वेळ-अंतराचा हिशेब ठेवणारा नॅव्हिगेटर हवाच. मी माझ्या कागद पुरवठादाराला बसवलं. पंधरा वर्षांचा व्यवहार, पण त्या चार तासांत माणूस जेवढा कळला तेवढा पंधरा वर्षांत कळला नव्हता.

बोरीच्या चढणीवर फियाट बंद पडली. उन्हाने गाडीच्या इंधन पंपात वेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडला. मागून मॉरिस आली आणि थांबली. वेर्ण्याचे साहेब स्वतः उतरले, आपला टॉवेल भिजवून पंपावर गुंडाळला, दहा मिनिटं धरून उभे राहिले. त्यांचे गुण गेले. मी माफी मागितली तर म्हणाले, "बाब, गाडी चालू झाली ना?"

जेवताना मी खोक्यांचा विषय काढला नाही, तुम्हीही काढू नका. ते वडिलांबद्दल बोलत होते, मी ऐकत होतो. व्हिजिटिंग कार्डही गाडीतच ठेवलं होतं. आणि हो, गाडीवर कंपनीचं नाव चिकटवू नका. व्हिंटेज गाडीला व्यावसायिक वापराची बंदी आहे.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. पावसाळ्यात त्यांची खोकी दमट होऊन बसतात, काही करता येईल का? मी पाच प्लायचे, म्हणजे पुठ्ठ्याच्या पाच थरांचे, नमुने घेऊन गेलो. या वेळी गेटवर थांबावं लागलं नाही. पहिली ऑर्डर दोन हजार खोक्यांची होती, आता दर महिन्याला माल जातो.

पंपासाठी जाड सुती टॉवेल आणि पाच लिटर पाणी डिकीत ठेवा, हे मघाशीच सांगायला हवं होतं. यंदा मॉरिसचा गिअरबॉक्स फोंड्याच्या मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, उघडून पडला आहे. साहेब माझ्या शेजारी बसणार आहेत आणि मैल-किलोमीटरचा तक्ता त्यांनी कालच मागून घेतला.