पिल्लांना एवढंसं घातलं तर काय होतं?

घरी येणारा प्रत्येक माणूस हे विचारतो. एका हातात चहा, दुसऱ्या हातात चिवडा, समोर खोक्यात कोंबडीची पिल्लं, आणि हात आपोआप तिकडे जातोच. मी नको म्हटलं की तोंड वाकडं. शेजारच्या काकी तर सरळ म्हणतात, आमच्या सासूने कण्या घालून ढीगभर पिल्लं वाढवली, तुझी काय राजवाड्यातून आलीत? तर एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

काकी खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्या सासूची पिल्लं खुडूक कोंबडीखाली निघालेली, दोन-तीन दिवसांत आईमागे अंगणात फिरायची, ती उकरायची आणि ही दाण्याबरोबर बारीक खडे पण टिपायची. कोंबडीला दात कुठे असतात? दाणा भरडायचा तो पेठ्यात, आपण कलेजी-पेठा म्हणतो ना तोच, आणि तिथे जात्याचं काम हे खडे करतात. माझी वनराज जातीची पिल्लं अंडी उबवायच्या मशीनमधली, खोक्यात पेपरवर वाढतात, तिथे खडा कुठून येणार. स्टार्टरचा, म्हणजे लहान पिल्लांच्या तयार खाद्याचा, भुगा असतो, पाण्याने विरघळतो, त्याला खडा लागत नाही. बाकी सगळ्याला लागतो.

हे मला आधीपासून माहीत होतं असं कृपया समजू नका.

दोन वर्षांपूर्वी जुलैत 25 पिल्लं आणली. नवव्या दिवशी परसातली मेथी खुडली आणि जुडी तशीच खोक्यात टाकली, न चिरता. मीच टाकली, पाहुण्याने नाही. काय तुटून पडली त्यावर! एकाच्या चोचीतला देठ दुसरं ओढतंय, तिसरं तो घेऊन पळतंय, मी व्हिडिओ काढून बहिणीला पाठवला, हसत होते. रात्री पावसात लाइट गेली ती दोन तास आलीच नाही, उबेचा बल्ब बंद, मी खोक्यावर गोणपाट टाकून झोपले. सकाळी चार पिल्लं कोपऱ्यात पंख पाडून उभी. एकाला उचललं तर गळ्याखालची पिशवी सुपारीएवढी फुगलेली आणि टणक. सकाळी ती रिकामी असायला हवी, रात्रभरात सगळं पुढे सरकतं. ड्रॉपरने कोमट पाणी दिलं, तेलाचा एक थेंब, बोटाने हळूहळू चोळत बसले, आतली मेथीची गुंडाळी बोटाला कळत होती, दोऱ्याच्या गुंत्यासारखी. दुपारी अडीचला ते माझ्या तळहातावर मान टाकून गेलं. संध्याकाळपर्यंत उरलेली तिन्ही.

डॉक्टर फोनवर म्हणाले, गारठ्यानेही असं होतं, अंग गार पडलं की पचन थांबतं. म्हणजे मेथी का लाइट? माहीत नाही. मी मेथी धरून बसलेय कारण ती माझ्या हातातली होती, असं नवरा म्हणतो. असेलही. उरलेल्या 21 जणांनी तीच मेथी खाल्ली होती आणि ती धडधाकट मोठी झाली, हेही काकी मला दर वेळी ऐकवतात आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.

तरी आता पहिले दोन आठवडे स्टार्टर आणि पाणी, बस. मग ओढ्याची रेती चाळून, धुऊन, वाळवून वाटीत ठेवते (समुद्राची नको, खारट असते) आणि दोन दिवसांनी चिमूट चिमूट सुरू: उकडलेल्या अंड्याचा चुरा (हो, अंडंच, नाकं मुरडू नका), माठाची पानं अगदी बारीक चिरून, जुन्या लाकडातली वाळवी. वाळवी बघून तर ती वेडी होतात. पण पाच मिनिटांत संपेल एवढंच, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, नाहीतर स्टार्टर सोडून ह्याच्याचसाठी ओरडत बसतात आणि वाढ खुंटते. कोरडे पोहे नाहीत, पोटात फुगतात. चिवडा-फरसाण तर कधीच नाही, एवढ्याशा जिवाला तेवढं मीठ झेपत नाही. दूधही नको, बूड चिकटतं आणि मग कोमट पाण्याने पुसत बसायला मलाच लागतं.

मेथी अजून लावते. मोठ्या कोंबड्या कुंपणातून माना घालून खातात, मी बघून न बघितल्यासारखं करते.