जर्मन नागरिकत्वाची परीक्षा आणि माझी दोन रकान्यांची वही

जर्मनीत नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्याला इतिहास, राज्यव्यवस्था आणि समाजजीवन या विषयांवर जी लेखी परीक्षा द्यावी लागते, तिचे स्वरूप ऐकून आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांतून गेलेल्या कोणालाही हसू येईल. एका तासात ३३ प्रश्न सोडवायचे, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, उत्तीर्ण व्हायला १७ बरोबर उत्तरे पुरेशी आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. शिवाय प्रश्नसंच सरकारनेच खुला करून ठेवला आहे. देशभरासाठी समान असे ३०० प्रश्न आणि आपण राहतो त्या राज्याचे १० प्रश्न असा हा संच असून, परीक्षेत पहिल्यातून ३० आणि दुसऱ्यातून ३ विचारले जातात. त्यामुळे मी अर्जाची तयारी सुरू केली तेव्हा स्टुटगार्टमधल्या मराठी ओळखीच्यांनी मला एकमुखाने सांगितले, की अॅप उतरवून घ्या, बसने येता-जाता घोकून काढा आणि मोकळे व्हा.

घोकून काम भागते, यात शंका नाही. काही प्रश्न तर न वाचताही सुटावेत असे आहेत. राज्यघटनेशी सुसंगत शिक्षा कोणती, असे विचारून फटके, छळ, देहदंड आणि आर्थिक दंड हे चार पर्याय दिलेले असतात; ईस्टरची प्रथा कोणती, तर अंडी रंगवणे. पण याच संचात राष्ट्राध्यक्षाला कोण निवडते, पाच टक्क्यांची अट कशासाठी आहे, हिटलर कोणत्या वर्षी चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला, असेही प्रश्न विखुरलेले आहेत, आणि ते सुटे सुटे पाठ करणे मला रुचेना. म्हणून मी वहीच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे इतिहासाचा प्रश्न लिहायचा आणि उजवीकडे राज्यव्यवस्थेचा असा प्रश्न शोधायचा, की ज्याचे उत्तर डावीकडच्या घटनेतून निघते.

ही जुळवाजुळव अपेक्षेपेक्षा फार चांगली जमली, कारण २३ मे १९४९ रोजी जाहीर झालेली जर्मन राज्यघटना वायमार प्रजासत्ताकाची, म्हणजे १९१९ ते १९३३ या काळातल्या जर्मन लोकशाहीची, पडझड डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली गेली आहे. त्या काळी संसदेत लहानमोठ्या पक्षांची इतकी गर्दी असे, की स्थिर बहुमत जुळवणे दुरापास्त होई. आजच्या निवडणूक कायद्यात पक्षाला संसदेत जागा मिळण्यासाठी किमान पाच टक्के मतांची अट आहे ती त्याचसाठी. त्या काळी राष्ट्राध्यक्षाला जनता थेट निवडून देत असे आणि घटनेच्या ४८व्या कलमाखाली तो आणीबाणीचे हुकूम काढू शकत असे. १९३० नंतर देशाचा कारभार बव्हंशी अशा हुकमांवरच चालला आणि जानेवारी १९३३ मध्ये याच राष्ट्राध्यक्षाने, म्हणजे हिंडेनबुर्ग यांनी, हिटलरला चान्सलर नेमले. आता राष्ट्राध्यक्षाची निवड खास भरवलेली सभा करते, त्याचे पद मुख्यतः मानाचे आहे, आणि चान्सलरला संसद निवडते.

मला सर्वांत आवडलेली जोडी अविश्वास ठरावाची होती. वायमारमध्ये परस्परविरोधी पक्ष एकत्र येऊन सरकार पाडू शकत, मग पुढचे सरकार कोणाचे यावर त्यांचे एकमत नसले तरी चाले. आजच्या ६७व्या कलमानुसार संसदेने चान्सलरला काढायचे असेल तर त्याच ठरावात नवा चान्सलर बहुमताने निवडावा लागतो. हे आजवर एकदाच यशस्वी झाले आहे: १ ऑक्टोबर १९८२ रोजी श्मिट जाऊन कोल आले. १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडल्यावर पर्याय उभा राहिला नाही आणि निवडणुका घ्याव्या लागल्या, हे ज्याने टीव्हीवर पाहिले आहे त्याला या कलमाचे महत्त्व वेगळे समजवावे लागत नाही. अर्थात चान्सलरने स्वतःच विश्वासमत मागितले तर गोष्ट निराळी. डिसेंबर २०२४ मध्ये शोल्त्स ते हरले आणि मुदतपूर्व निवडणूक झाली.

याच ओघात ७९व्या कलमाशी गाठ पडली. मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य या तत्त्वांना कितीही मोठे बहुमत हात लावू शकत नाही, असे ते सांगते. मार्च १९३३ मध्ये संसदेनेच दोन-तृतीयांश मतांनी आपले अधिकार हिटलरच्या सरकारला देऊन टाकले, तो प्रसंग त्यामागे आहे. परीक्षेला इतके खोलात जायची गरज नाही, पण इथे मी रेंगाळले, कारण हा धागा भारतापर्यंत येतो. हायडेलबर्गचे कायदेपंडित डीटर कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिले, तो युक्तिवाद गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला गेला, आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात, जिथे मुंबईचे नानी पालखीवाला बाजू मांडत होते, त्यातून घटनेच्या मूलभूत संरचनेचा सिद्धान्त, म्हणजे घटनेचा गाभा संसदेला बदलता येत नाही हे तत्त्व, प्रस्थापित झाला. हायडेलबर्ग माझ्याच राज्यात आहे. राज्याच्या दहा प्रश्नांत मात्र याचा मागमूस नाही. तिथे बाडेन-व्युर्टेम्बर्गचे बोधचिन्ह ओळखा (सोनेरी ढालीवर तीन काळे सिंह), राजधानी सांगा, असलाच मामला असतो.

ज्यू समाज, इस्रायल आणि ज्यूद्वेष यांविषयीचे काही प्रश्न २०२४ मध्ये नव्याने घातले गेले. हे मात्र नुसते पाठ करून भागत नाही, असे माझे मत आहे. नव्या कायद्याप्रमाणे अर्जदाराला नाझी राजवटीच्या अत्याचारांबाबत जर्मनीवर असलेली विशेष ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यूंच्या जीविताचे रक्षण मान्य असल्याचे लिहून द्यावे लागते, आणि आपण कशाखाली सही करतो आहोत हे माहीत असलेले बरे.

परीक्षेबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. प्रौढ शिक्षण केंद्रात २५ युरो भरून नाव नोंदवले, ओळखपत्र तपासून वर्गात सोडले, शेजारच्याची प्रश्नपत्रिका वेगळी होती, आणि काम उरकले की तासभर थांबावे लागत नाही, त्यामुळे बरेच जण लवकरच बाहेर पडले. निकाल काही आठवड्यांनी टपालाने आला. प्रमाणपत्राची प्रत अर्जाला जोडून मी आता भारतीय पासपोर्ट परत करण्याची आणि ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाची) माहिती जमवते आहे. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली असली तरी भारत ती देत नाही, आणि त्या कागदपत्रांपुढे ३१० प्रश्न खरोखरच सोपे होते.