पाचला निदर्शनं, साडेसहाला प्रकाशन

मोर्चाहून घरी आल्यावर "मजा आली" असं म्हणायचं नसतं. "चांगला झाला" म्हणायचं. हे मला आत्याने शिकवलं. महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरायच्या त्या काळातली ती, म्हणून तिच्या शब्दाला वजन. पण शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं की तीच आधी सांगते, "अहो, काय मजा आली!"

पुण्यात संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न आम्हा दोघींना पडत नाही. सकाळी पेपर आला की आत्या 'आजचे कार्यक्रम' उघडून पेन हातात घेते. पाचला निदर्शनं, साडेसहाला प्रकाशन. जागाही सोयीच्या. बालगंधर्वसमोर झाशीच्या राणीच्या पुतळ्यापाशी घोषणा द्यायच्या, डेक्कनवरून लकडी पूल ओलांडायचा, अलका टॉकीजच्या चौकात जरा दम खायचा, की पुढे नवी पेठेत एस. एम. जोशी सभागृह. मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीवर असला की मात्र ती कुरकुरते. "तिकडून टिळक रोडला साहित्य परिषदेत वेळेवर पोचता येत नाही गं."

दोन्हीकडे माणसं तीच. शबनम पिशवीवाले एक काका पुतळ्यापाशी कर्णा तोंडाला लावून "कोण म्हणतं देणार नाही" ओरडतात आणि तासाभराने सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून कवितेला डोळे मिटून मान डोलावतात. प्रश्नोत्तरं सुरू झाली की उभे राहून म्हणतात, "माझा प्रश्न नाही, निवेदन आहे." निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं असतं, कवीला नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. गर्दीही सारखीच, चाळीस-पन्नास. तिकडे बंदोबस्ताचे पोलीस धरून, इकडे लेखकाचे नातेवाईक धरून.

खरं सांगायचं तर भाषा पुतळ्यापाशीच जास्त जिवंत असते. कवींनी टाकून दिलेलं यमक केव्हाच तिकडे राहायला गेलंय. सभागृहात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, मान्यवरांचा परिचय हे सगळं सोसल्यावर लेखक बोलायला उभा राहतो, तेव्हा घड्याळात आठ वाजलेले असतात आणि तो "वेळेअभावी" म्हणून सुरुवात करतो. घोषणेला प्रास्ताविक नसतं.

या गावात हे दोन्ही छंद जुने आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. त्याच वर्षी स्वामी दयानंद पुण्यात व्याख्यानं द्यायला आले. त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, 'गर्दभानंद' म्हणून! दयानंदांच्या मिरवणुकीत रानडे होते, जोतीराव फुलेही होते. पुढे १८८५ साली रानड्यांनी दुसऱ्या ग्रंथकार सभेचं आमंत्रण धाडलं, तर त्याच जोतीरावांनी यायला नकार दिला. ज्यांना सगळ्यांचे मानवी हक्क मान्य नाहीत त्यांच्या सभांशी आमचं जुळायचं नाही, असं पत्र पाठवलं आणि अशा ग्रंथकारांसाठी 'घालमोडे दादा' हा शब्द मराठीला कायमचा देऊन टाकला. साहित्य संमेलनांची वंशावळ याच ग्रंथकार सभांपासून मोजतात. म्हणजे दुसऱ्याच खेपेला निषेध! आणि त्या सभेत कोण काय बोललं हे आज किती जणांना ठाऊक आहे? पत्र मात्र अजून वाचलं जातं. आत्या ते मोठ्याने वाचते, 'उंटावरून शेळ्या वळणाऱ्या' या शब्दांवर थांबते आणि मराठीच्या एखाद्या विद्यमान प्राध्यापकाचं नाव घेते.

मजा नसते ती एका जागी. ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते तिथे जमत राहिले. आम्हीही जायचो. गाणी व्हायची, घोषणा व्हायच्या. परत येताना आत्या रिक्षात गप्प असायची, आणि त्या दिवशी काकूही जिन्यात काही विचारत नसत.

परवाची निदर्शनं नदीकाठच्या झाडांसाठी होती. आत्याने आदल्या रात्री मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून फलक केला. एका बाजूला 'झाडे वाचवूया', दुसऱ्या बाजूला टपोऱ्या अक्षरात 'आता पुरे!' आम्ही रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. गाड्या हॉर्न देत होत्या. पाठिंब्याचा की चिडून, ते पुण्यात कळत नाही. तेवढ्यात एक आजोबा स्कूटर बाजूला लावून फलकाशी आले. चष्मा वर करून त्यांनी नीट वाचलं.

"'वाचवू या' दोन शब्द आहेत. तोडून लिहा."

"आम्ही इथे तोडण्याच्या विरोधात उभ्या आहोत," आत्या म्हणाली.

आजोबा हसले नाहीत. खिशातून पेन काढून त्यांनी दोन अक्षरांच्या मधोमध एक उभी रेघ मारली, आणि मग घोषणा संपेपर्यंत आमच्या शेजारी उभे राहिले. घोषणा मात्र एकही दिली नाही.

तिथून आम्ही प्रकाशनाला गेलो. कथासंग्रह होता. एप्रिलची संध्याकाळ, सभागृह गच्च आणि आमच्या डोक्यावरचा पंखा बंद. अध्यक्ष चाळीस मिनिटं बोलत होते आणि अजून पहिल्याच कथेपर्यंत पोचले नव्हते. आत्याला घाम फुटला. तिने पिशवीतून पुठ्ठा काढला आणि वारा घ्यायला लागली. आम्ही दुसऱ्या रांगेत, व्यासपीठाच्या अगदी समोर. 'आता पुरे!' तिच्या हनुवटीखाली डावीकडे उजवीकडे हलत राहिलं. तिला पत्ताच नव्हता.

अध्यक्षांनी एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. पाण्याचा घोट घेतला. "असो," म्हणाले, "लेखकाला मी शुभेच्छा देतो," आणि बसले.

मागच्या रांगेतून टाळ्यांचा कडकडाट झाला. शबनमवाले काका उभे राहून वाजवत होते.

"चांगलं बोलले, नाही?" आत्या म्हणाली.