व्हॉल्व्हच्या जुन्या सेटचे वॉट मोजताना: माझा अनुभव

माझा हीथकिट एचडब्ल्यू-१०१ हा १९७० च्या दशकातला, व्हॉल्व्हवर चालणारा हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संदेशांचा) सेट. फायनलला, म्हणजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या टप्प्याला, दोन ६१४६ व्हॉल्व्ह; ड्रायव्हरला, म्हणजे त्याला सिग्नल पुरवणाऱ्या आधीच्या टप्प्याला, ६सीएल६. मॅन्युअलप्रमाणे सीडब्ल्यूवर (मोर्स पाठवताना) आत १७० वॉट जातात आणि ८० ते १५ मीटर बँडवर बाहेर १०० वॉट निघतात. माझा सेट खरोखर किती देतो, हे मला मोजून बघायचं होतं. सेटच्या मीटरवर रिलेटिव्ह पॉवरची सोय आहे, पण सुई जास्तीत जास्त कुठे चढते एवढंच ती दाखवते. वॉट सांगत नाही. समोरच्या स्टेशनच्या रिपोर्टवरही विसंबता येत नाही, कारण पॉवर निम्मी झाली तरी फरक ३ डेसिबलचा, म्हणजे एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवर) जेमतेम अर्धा आकडा. तेवढा फरक फेडिंगमध्ये, म्हणजे सिग्नलच्या चढउतारात, सहज बुडून जातो.

पहिली गोष्ट म्हणजे अँटेना काढली आणि डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रेझिस्टर, लावला. अँटेनाचा इम्पिडन्स (विद्युत विरोध) बँडगणिक बदलतो, मग वॉटमीटरचा आकडाही बदलतो आणि दोष सेटचा की तारेचा हेच कळत नाही. लोड घरीच केला: १००० ओहमचे, प्रत्येकी ५ वॉटचे २० मेटल ऑक्साइड रेझिस्टर पॅरलल जोडले की बरोबर ५० ओहम आणि १०० वॉट होतात. तारेचे वेटोळे असलेले वायरवाउंड रेझिस्टर इथे अजिबात वापरू नयेत, त्यांचं इंडक्टन्स (कॉइलसारखं वागणं) आरएफला, म्हणजे रेडिओच्या उच्च फ्रिक्वेन्सीला, नडतं.

वॉटमीटर एका हॅम मित्राचा आणला, बर्ड ४३. उत्तम मीटर आहे, पण त्याची अचूकता पूर्ण स्केलच्या ५ टक्के असते, समोर दिसणाऱ्या आकड्याच्या नव्हे. १००० वॉटचा स्लग (मीटरची रेंज ठरवणारा बदलता तुकडा) घालून १०० वॉट मोजले तर चूक ५० वॉटपर्यंत जाऊ शकते. म्हणून १०० वॉटचाच स्लग घेतला, म्हणजे ५ वॉट इकडे किंवा तिकडे.

व्हॉल्व्ह नीट तापू दिले. ड्राइव्ह (फायनलला मिळणारा सिग्नल) नसताना बायस, म्हणजे फायनलचा स्थिर प्लेट करंट, ५० मिलिअँपिअरवर आहे ना, ते पाहिलं. मग ८० मीटरवर (सुमारे ३.५ मेगाहर्ट्झ) सेट ट्यूनमध्ये टाकला, प्रीसिलेक्टर (आधीच्या टप्प्यांचं ट्यूनिंग) कमाल केला, प्लेटचा डिप (प्लेट करंट सर्वात कमी होतो ती जागा) घेतला, लोडिंग वाढवत पुन्हा डिप, आणि शेवटी वॉटमीटरवर जास्तीत जास्त. की एका वेळी काही सेकंदच दाबायची आणि मध्ये व्हॉल्व्हला श्वास घेऊ द्यायचा. आकडा आला ६० वॉट.

हा आकडा एकाच मीटरच्या भरवशावर मान्य करायचा नव्हता. लोडच्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोपचा १० पट प्रोब लावला, तर शिखर ते शिखर १५५ व्होल्ट दिसले. त्याचा वर्ग करून ४०० ने भागला (५० ओहमसाठी आठपट) की ६० वॉट येतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, तेव्हा शंका संपली. स्कोपची बँडविड्थ मात्र आधी बघावी. २० मेगाहर्ट्झचा स्कोप २० मेगाहर्ट्झवर व्होल्टेज ३० टक्के कमी दाखवतो, म्हणजे पॉवर निम्मीच भासते. ८० मीटरवर ही अडचण येत नाही.

आकडा कमी आला की बहुतेकांचा पहिला सल्ला असतो, "फायनल गेले, बदला." मला ते पटत नव्हतं. बाहेरचे वॉट एकटे काही सांगत नाहीत, आत किती जातंय ते शेजारी मांडावं लागतं. प्लेट व्होल्टेज हाय-व्होल्टेज प्रोबने मोजलं. इथे पोरखेळ नको: एक हात खिशात, सेट बंद केल्यावरही कपॅसिटर उतरल्याची खात्री करूनच आत हात. की दाबल्यावर ७५० व्होल्ट आणि १६० मिलिअँपिअर, म्हणजे १२० वॉट आत. त्यातले ६० बाहेर, म्हणजे ५० टक्के. थकलेल्या व्हॉल्व्हला ड्राइव्ह वाढवूनही करंट ओढवत नाही. माझ्याकडे ड्राइव्हच अपुरा होता: लेव्हल पूर्ण चढवूनही एएलसीची (फायनलला पुरेसा ड्राइव्ह मिळाला की हलणारी) सुई हलत नव्हती. फायनलच्या ग्रिडपर्यंत पुरेसं काही पोचतच नव्हतं.

संशय ६सीएल६ वर गेला. चांगला ठरलेला दुसरा बसवला, ड्रायव्हरच्या कॉइल्स पुन्हा जुळवल्या. त्याच बँडवर, त्याच लोडवर करंट २४० मिलिअँपिअरवर गेला, व्होल्टेज ओझ्याने ७०० वर उतरलं, आत १६८ वॉट. वॉटमीटर ९८ वर, स्कोपवर १९८ व्होल्ट. ५८ टक्के, एबी वर्गातल्या फायनलकडून अपेक्षित तेवढंच. दोन्ही ६१४६ जागेवरच राहिले आणि मला मनापासून आनंद झाला, कारण चांगल्या जुन्या ६१४६ ची जोडी फुकट काढून टाकणं मला सहन झालं नसतं.

ड्राइव्ह वाढल्यावर न्यूट्रलायझेशन (फायनलमधून मागे फिरणारा सिग्नल रद्द करण्याची सोय) एकदा तपासलं. प्लेट करंटचा डिप आणि वॉटमीटरची कमाल नॉबच्या एकाच जागी आली पाहिजे, अंतर पडलं तर न्यूट्रलायझिंग कपॅसिटर हलवावा लागतो. माझ्याकडे दोन्ही एकत्रच येतात. १० मीटरवर (सुमारे २८ मेगाहर्ट्झ) मॅन्युअल ८० वॉटच सांगतं. तिथे मी स्कोप बाजूला ठेवून वॉटमीटरवरच विश्वास ठेवला, ७४ वॉट आले. मीटरची ५ वॉटची चूक धरली तर हे जवळपास ठरल्याप्रमाणेच आहे, म्हणून तिथल्या कॉइल्सना मी हात लावलेला नाही.