ताई म्हणाली ते

"तू म्हणजे ब्लॅक होल आहेस गं. तुझ्याकडे जे जाईल ते गडप." ताई जेवताना म्हणाली, सगळ्यांसमोर. सगळे हसले. मी भात वाढून घेतला.

तेव्हापासून डोक्यात तेच. मेसेजला उत्तरं देत नाही, मान्य. अप्पांच्या कागदांचं तर… जाऊ दे. पण गडप? सगळ्यांचं सगळं मीच गिळते का?

झोप येईना म्हणून वाचत बसले. ब्लॅक होल कुणाला ओढून घेतच नाही! सूर्याच्या जागी त्याच्याच वजनाचं कृष्णविवर आणून ठेवलं, जेमतेम ३ किलोमीटर त्रिज्येचं, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. अंधार होईल, गारठून जाऊ, पण आत खेचले जाणार नाही. लांबून त्याचं गुरुत्वाकर्षण चारचौघा ताऱ्यांसारखंच. एवढं वस्तुमान एवढ्याशा जागेत असल्यामुळे त्याच्या फार जवळ जाता येतं, आणि जो काही घोळ होतो तो तिथे.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर ४० लाखांहून जास्त सूर्यांच्या वजनाचं एक बसलंय. एस-२ नावाचा तारा त्याला १६ वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण १२० पट इतका जवळ आला, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने वळला आणि गेला आपल्या वाटेने. कुठे गडप झाला? पण हे ताईला सांगायची सोय नाही. म्हणेल, भांडायलासुद्धा हिला गूगल लागतं.

आत पडणंही सोपं नाही म्हणे. वायू जवळ आला तरी गरगरतच राहतो, तापतो, झळाळतो. फिरण्याचा जोर गेल्याशिवाय आत शिरता येत नाही. हे वाचून उगाच बरं वाटलं.

मग पुढचं वाचलं. आत पडणारी वस्तू विवराची सीमा, म्हणजे त्याचं क्षितिज, ओलांडताना लांबून बघणाऱ्याला कधी दिसतच नाही. ती मंदावत जाते, लाल होत होत विझते. पडणाऱ्याला मात्र, विवर पुरेसं मोठं असेल तर, सीमेवर काही जाणवतही नाही. दोघांचं दिसणं वेगळं आणि दोन्ही खरं. म्हणजे ताईला तिच्या जागेवरून जे दिसतंय, तेही आलं त्यात. आता काय बोलणार!

फक्त एक. क्षितिजाच्या आत गेलेलं परत येत नाही, हा नियम आहे. तिचं इडलीपात्र मी परत दिलंय. चारही ताटल्यांसकट.