हार्डविक हॉल, 1:150 : कणा बसला

इंग्लंडमधल्या हार्डविक हॉल या जुन्या वाड्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल मी बनवतोय, खऱ्याच्या दीडशेव्या भागाएवढं. त्याची पश्चिमेची दर्शनी भिंत तिसऱ्यांदा वाकली तेव्हा मी आठवडाभर काम बंदच ठेवलं. माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, चांगला होता, ब्लेड नवं होतं, पट्टी स्टीलची होती. पावसाळ्यातल्या दमट हवेला दोष देऊन झाला. मग एकदा तो तुकडा हातात धरून नीट पाहिला. खिडक्या कापून काढल्यावर पुठ्ठा उरला होता जेमतेम अर्धा, बाकी सगळ्या पट्ट्या. तो आपल्या बळावर उभा राहणार कसा?

मग इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातल्या टेकडीवरची खरी भिंत चारशे वर्षं कशी उभी आहे?

हे घर बेस ऑफ हार्डविक या सरदारीणबाईंनी 1590 ते 1597 या काळात बांधून घेतलं. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. माणूस मूळचा पाथरवट, त्यामुळे दगड किती भार पेलतो हे त्याच्या हाताला ठाऊक. काच तेव्हा चैनीची वस्तू होती आणि बाईंना ती भरभरून हवी होती. ‘हार्डविक हॉल, भिंतीपेक्षा काचच फार’ अशा अर्थाचं एक इंग्रजी यमक या घरावर आजही सांगतात. पण बाहेरच्या भिंतीला इतकी भोकं पाडायची तर तिच्यावरचं दुसरं ओझं काढावं लागतं. स्मिथसनने धुराडी बाहेरच्या भिंतीत न ठेवता आतल्या भिंतींत घेतली. लाँग गॅलरी या लांबलचक दालनाच्या दोन्ही शेकोट्या आतल्या बाजूच्या भिंतीत आहेत, आणि समोरची बाजू उजेडासाठी मोकळी आहे. हे वाचलेलं होतं, पण तीन भिंती वाया गेल्यावरच ते डोक्यात उतरलं.

म्हणून या महिन्यात कामाचा क्रम उलटा केला. आधी मधली, लांबीच्या दिशेची जाड भिंत, म्हणजे घराचा कणा, उभी केली. पुठ्ठ्याचे तीन थर फेविकॉलने चिकटवून रात्रभर पुस्तकांच्या ढिगाखाली दाबून ठेवले. खालच्या मजल्यावर ती मधोमध तोडावी लागते, कारण ग्रेट हॉल हे मुख्य दालन घराच्या आरपार, दारातून सरळ आत जातो. त्या काळी हॉल दर्शनी बाजूला समांतर ठेवायची पद्धत होती, स्मिथसनने तो काटकोनात फिरवला. हॉल दोन मजले उंच आहे. त्याच्या दोन बाजूंच्या भिंती कण्याच्या तुटलेल्या टोकांना टेकवल्या आणि सांगाडा एकदम घट्ट झाला. अंगठ्याने दाबून पाहिला, हलला नाही. त्यावर दर्शनी भिंत लावली, ती सरळ बसली. रात्री साडेअकराला मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं.

खिडक्यांची उंची मजल्यागणिक वाढत जाते. मानाच्या खोल्या सगळ्यात वर, म्हणून तिथे छत सर्वांत उंच आणि काच सर्वांत मोठी. गॅलरी सुमारे 50 मीटर लांब, म्हणजे माझ्या मापात 33 सेंटिमीटर. काचेसाठी ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, वापरली. शिशाच्या पट्ट्या दाखवायला सुईने चरे ओढले, त्यांत करडा अ‍ॅक्रिलिक रंग चोळला आणि लगेच कोरड्या कापडाने पुसला. पेनने आखलेल्या रेघांपेक्षा हे कितीतरी बारीक दिसतं. दगडी उभे-आडवे दांडे वेगळे कापून वरून चिकटवले.

एक सूचना: सगळ्या खिडक्यांना पारदर्शक शीट लावू नका. बाहेरची रांग एकसारखी दिसावी म्हणून काही खिडक्या नुसत्या देखाव्याच्या आहेत, त्यांच्या मागे धुराडं किंवा भिंत आहे. काही ठिकाणी एकाच उंच खिडकीमागे दोन बुटके मजले आहेत. अशा जागी मी शीटच्या मागे काळा कागद लावला.

आता सहा मनोरे. लांब बाजूंना दोन-दोन, टोकांना एक-एक. त्यांच्या माथ्यावर दगडी जाळीत ‘ई’ आणि ‘एस’ ही रोमन अक्षरं, वर मुकुट: एलिझाबेथ श्रूजबरी, बाईंचं पूर्ण नाव आणि पदवी. माझ्या मापात अक्षर नखाएवढं होतं. साध्या कार्डशीटवर कापताना कडा पिसारतात, म्हणून कापण्याआधी कागदावर पातळ सुपरग्लू पसरून सुकवला. तेव्हा कुठे ‘एस’चं वळण न फाटता निघालं. एका मनोऱ्याची एक बाजू झाली आहे, आणि मुकुटाचं एक टोक अजून तिरकं आहे.